हलक्या गाडीत टर्बो इंजिन : वाढीव वेगाचा संपूर्ण हिशेब

शर्यतीसाठी मोटारगाडी सज्ज करणाऱ्यांपुढे वेग वाढविण्याचे दोन प्रमुख मार्ग असतात. एक म्हणजे गाडीचे वजन घटविणे आणि दुसरा म्हणजे इंजिनाची शक्ती वाढविणे. मुळातच हलक्या असलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये अधिक शक्तिशाली टर्बोचार्ज्ड इंजिन बसवून हे दोन्ही लाभ एकाच वेळी पदरात पाडून घेण्याचा प्रयत्न अनेक वर्षांपासून होत आला आहे. ब्रिटनमधील 'लोटस एलीस' ही गाडी आणि जर्मनीच्या फोक्सवॅगन-ऑडी समूहाचे १.८ लिटरचे टर्बो इंजिन यांची जोडी हे त्याचे एक परिचित उदाहरण. कागदावर हा बदल अतिशय आकर्षक दिसतो. प्रत्यक्षात मात्र इंजिन बसविणे हा या कामाचा केवळ आरंभ असतो. त्यानंतर उष्णता, ब्रेक, गाडीचा तोल आणि स्पर्धेचे नियम यांचा जो हिशेब मांडावा लागतो, त्यावरच गाडी शर्यत पूर्ण करणार की नाही हे ठरते.

लोटस एलीस का?

लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचे निधन १९८२ मध्ये झाले. वाढीव शक्तीचा लाभ मुख्यतः सरळ रस्त्यावर मिळतो, तर घटविलेल्या वजनाचा लाभ वळणावर, ब्रेक लावताना आणि वेग घेताना, असा सर्वत्र मिळतो, ही त्यांची विचारसरणी कंपनीने पुढेही जपली. सप्टेंबर १९९५ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात सादर झालेली आणि १९९६ पासून बाजारात आलेली एलीस हे त्या विचाराचे ठळक फलित होते. कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष रोमानो आर्तिओली यांच्या नातीवरून गाडीला हे नाव देण्यात आले होते.

या गाडीचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांचा असून त्या एकमेकींना वितळजोडाने नव्हे, तर इपॉक्सी प्रकारच्या चिकटद्रव्याने जोडलेल्या आहेत. या सांगाड्याचे वजन सुमारे ६८ किलो आणि संपूर्ण गाडीचे सुमारे ७२५ किलो होते. चालकाच्या पाठीमागे आडवे बसविलेले रोव्हर कंपनीचे १.८ लिटरचे 'के-सीरिज' इंजिन सुमारे १२० अश्वशक्ती देत असे. म्हणजे प्रत्येक टन वजनामागे सुमारे १६५ अश्वशक्ती. त्या काळातील अनेक महागड्या गाड्यांना मागे टाकण्यास एवढे पुरेसे होते.

मूळ इंजिन बदलण्याचे कारण

असे असताना इंजिन बदलण्याची आवश्यकता का भासली? के-सीरिज हे इंजिन वजनाला हलके आणि रचनेच्या दृष्टीने कल्पक होते. त्याचे ॲल्युमिनियमचे निरनिराळे थर वरपासून खालपर्यंत जाणाऱ्या लांब बोल्टांनी एकत्र आवळलेले असत. परंतु १.८ लिटरच्या आवृत्तीत सिलिंडर हेड आणि मुख्य ठोकळा यांच्यामधील गॅसकेट निकामी होण्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या. इंजिनात शीतक द्रवाचे प्रमाण कमी होते. एलीसमध्ये तर रेडिएटर गाडीच्या नाकाशी आणि इंजिन पाठीशी असल्याने लांब नळ्यांतून येणारे थंड पाणी तापलेल्या इंजिनात एकदम शिरत असे. धातूच्या या आकस्मिक आकुंचन-प्रसरणाचा ताण गॅसकेटवर पडे.

त्यातच एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हर कंपनी दिवाळखोरीत निघाली. ज्यांना शर्यतीसाठी अधिक शक्ती हवी होती, त्यांच्यापुढे जुन्याच इंजिनावर मोठा खर्च करायचा की नवे इंजिन बसवायचे, असा प्रश्न उभा राहिला. काहींनी होंडाचे इंजिन निवडले, तर काहींनी फोक्सवॅगन-ऑडीचे.

१.८ लिटरचे हे जर्मन टर्बो इंजिन १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्या समूहाच्या अनेक गाड्यांत वापरले गेले. भारतात विकल्या गेलेल्या स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस या गाडीतही ते होते. त्याचा ठोकळा ओतीव लोखंडाचा, त्यामुळे वजनदार पण दणकट. प्रत्येक सिलिंडरला पाच याप्रमाणे एकूण वीस झडपा. ऑडी टीटी या गाडीतील त्याची एक आवृत्ती २२५ अश्वशक्ती आणि २८० न्यूटन मीटर टॉर्क देई. एलीसच्या मूळ इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाके फिरविणारा पीळ, १६५ न्यूटन मीटर होता. शर्यतीच्या दृष्टीनेही हे इंजिन नवखे नव्हते. ब्रिटनमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या 'फॉर्म्युला पामर ऑडी' या एकआसनी गाड्यांच्या मालिकेत याच १.८ लिटर टर्बो इंजिनाचा वापर झाला होता.

टर्बोचार्जर काय करतो?

इंजिनात इंधन जाळण्यासाठी हवा लागते. जितकी अधिक हवा आत जाईल, तितके अधिक इंधन जाळता येते. साधे इंजिन दट्ट्याच्या खालच्या हालचालीने हवा ओढून घेते. टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रे असतात. ज्वलनानंतर बाहेर पडणारे तप्त वायू पहिले चक्र फिरवितात आणि त्याबरोबर फिरणारे दुसरे चक्र ताजी हवा दाबून इंजिनात भरते. एरवी वाया जाणाऱ्या ऊर्जेचा असा उपयोग करून घेण्याची कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांची असून त्यांना त्याचे पेटंट १९०५ मध्ये मिळाले. प्रवासी मोटारीत टर्बोचार्जर प्रथम १९६२ मध्ये अमेरिकेत आला.

हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. त्याच्या एका बाजूला सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाचे वायू असतात आणि दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेली हवा. मधल्या बेअरिंगला वाचविते ते केवळ सतत वाहणारे तेल. टर्बो इंजिनाच्या बहुतेक अडचणींचे मूळ या रचनेतच आहे.

बसविण्याचे काम

फोक्सवॅगन-ऑडीचे हे इंजिन पुढची चाके चालविणाऱ्या गाड्यांतही आडवे बसविले जात असल्याने इंजिन आणि गीअरबॉक्स ही जोडी तशीच उचलून एलीसच्या आसनांमागे ठेवण्याची कल्पना तर्काला धरून आहे. मूळ रोव्हर इंजिनाच्या बाबतीत लोटसने हेच केले होते. तथापि जागा मर्यादित असते आणि इंजिनाला आधार देणारे माउंटिंग नव्याने तयार करावे लागतात. येथे चिकटद्रव्याने जोडलेल्या सांगाड्याची मर्यादा आड येते. लोखंडी सांगाड्यावर जसा एखादा कंस सहज वितळजोडाने बसविता येतो, तसे येथे करता येत नाही, कारण त्या उष्णतेने जवळचे चिकटसांधे दुर्बळ होऊ शकतात. त्यामुळे नवे आधार सांगाड्याच्या मूळ जोडबिंदूंवर बोल्टने बसतील अशा बेताने आखावे लागतात. गाडीचे आणि चालकाचे संरक्षण ज्या सांध्यांवर अवलंबून आहे, त्यांच्यापाशी घाईने केलेले काम अपघाताच्या क्षणी घातक ठरू शकते.

त्यानंतर चाकांपर्यंत शक्ती नेणारे ड्राइव्हशाफ्ट योग्य लांबीचे आणि वाढीव टॉर्क सोसणारे बनवावे लागतात. क्लच, गीअर बदलण्याच्या केबल, इंधनाचा पंप, धुराची नळी आणि इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक यांचीही नव्याने जुळवाजुळव करावी लागते. नव्या इंजिनाचा संगणक मूळ गाडीतील चोरीप्रतिबंधक यंत्रणा, वेगमापक इत्यादींशी संवाद साधण्याच्या अपेक्षेने बनविलेला असतो. त्यामुळे शर्यतीच्या गाडीत बहुधा स्वतंत्र, हवे तसे नियोजन करता येणारा संगणक बसविला जातो.

उष्णतेचा प्रश्न

हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचा अनुभव असणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. बाहेरची हवा २७ अंशांवर असताना टर्बोचार्जरने तिचा दाब दुप्पट केला आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवेचे तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे दाबण्याचा निम्मा हेतूच विफल होतो. याहून गंभीर बाब म्हणजे अशा हवेत मिसळलेले पेट्रोल ठिणगीने सुरू झालेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच काही ठिकाणी आपोआप पेट घेऊ शकते. यालाच 'नॉकिंग' म्हणतात. असे ठोके काही सेकंद जरी चालू राहिले तरी दट्ट्याला भोक पडू शकते.

यावरचा उपाय म्हणजे दाबलेली हवा इंजिनात शिरण्यापूर्वी इंटरकूलरमध्ये थंड करणे. १२० अंशांवरची हवा ५० अंशांवर आणली तर तिची घनता सुमारे २० टक्क्यांनी वाढते आणि नॉकिंगचा धोकाही घटतो. परंतु पुढे इंजिन असलेल्या गाडीत इंटरकूलरला समोरून वारा मिळतो, तसा तो एलीसमध्ये मिळत नाही. तेथे बाजूच्या हवेच्या तोंडांवर अवलंबून राहावे लागते, अथवा पाण्याने हवा थंड करणारी यंत्रणा बसवून त्या पाण्यासाठी आणखी एक रेडिएटर पुढे लावावा लागतो. म्हणजेच शक्तीसाठी बसविलेल्या प्रत्येक भागामागून वजन वाढविणारा दुसरा भाग येतो.

तेलाचा प्रश्नही असाच आहे. घरंदाज प्रवासी गाडीसाठी बनविलेल्या इंजिनाच्या तळातील तेल शर्यतीच्या वळणावर एका बाजूला सरकते. वळणावरील बाजूचे बल गुरुत्वाकर्षणाइतके झाले की तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. लांबलचक वळणात तेल ओढणारी नळी उघडी पडली तर इंजिनाच्या आणि टर्बोचार्जरच्या बेअरिंगना तेल मिळत नाही. म्हणून तेलाच्या तळपात्रात आडोसे घालतात किंवा तेल वेगळ्या टाकीत साठविणारी 'ड्राय संप' यंत्रणा बसवितात. फेरी संपताच इंजिन एकदम बंद करणेही टाळावे लागते, कारण तापलेल्या टर्बोचार्जरमध्ये थांबलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो.

ब्रेक, टायर आणि तोल

समजा, हा सारा बदल करून गाडीचे वजन ६५ किलोंनी वाढून ७९० किलो झाले आणि शक्ती २२५ अश्वशक्ती झाली. म्हणजे प्रत्येक टनामागे सुमारे २८५ अश्वशक्ती. आता ज्या सरळ पट्ट्याच्या शेवटी गाडी पूर्वी ताशी १७५ किलोमीटरने पोहोचत होती, तेथे ती २०० किलोमीटरने पोहोचते असे मानू. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ब्रेकना प्रत्येक वेळी जवळजवळ ४२ टक्के अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने शोषावी लागेल, आणि तीही प्रत्येक फेरीत पुन:पुन्हा. एलीसचे ब्रेक आणि अरुंद टायर ७२५ किलोंच्या गाडीसाठी आखलेले होते. पहिल्या आवृत्तीचे पुढील टायर तर केवळ १८५ मिलिमीटर रुंद होते.

तोलाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मूळ गाडीतच बहुतांश वजन मागच्या चाकांवर असते. लोखंडी ठोकळ्याचे इंजिन, टर्बोचार्जर आणि त्याच्या नळ्या यांमुळे ते मागे आणखी वाढते, शिवाय काहीसे उंचावरही जाते. वळणात चालकाने अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाण्याची प्रवृत्ती त्यामुळे बळावते.

यात टर्बोचा स्वतःचा स्वभाव मिसळतो. ॲक्सिलरेटर दाबल्यानंतर टर्बोचार्जरचे चक्र पुरेशा गतीला येईपर्यंत काही क्षण जातात. याला 'टर्बो लॅग' म्हणतात. वळणाच्या मध्यावर चालकाने मागितलेली शक्ती अशा वेळी वळणाच्या शेवटी, एकदम, लोंढ्यासारखी येते. जड गाडीत तिचा काही अंश वजनात विरून जातो. हलक्या गाडीत तो थेट टायरपर्यंत पोहोचतो. म्हणूनच अनुभवी तंत्रज्ञ सर्वात मोठा टर्बोचार्जर निवडण्याऐवजी लवकर गती घेणारा लहान टर्बोचार्जर पसंत करतात आणि खालच्या गीअरमध्ये हवेचा दाब संगणकाद्वारे मर्यादित ठेवतात.

नियमांचे गणित

शर्यतीत गाड्यांचे गट बहुधा इंजिनाच्या आकारमानावरून पाडले जातात. टर्बो इंजिन लहान असूनही मोठ्या इंजिनाइतकी शक्ती देते, त्यामुळे त्याचे आकारमान एका गुणकाने वाढवून धरण्याची पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हा गुणक एके काळी १.४ होता, नंतर तो १.७ करण्यात आला. वर उल्लेखिलेल्या इंजिनाचे आकारमान १७८१ घन सेंटिमीटर आहे. १.४ ने गुणल्यास ते २४९३ होते, म्हणजे अडीच लिटरच्या गटात अगदी काठावर बसते. १.७ ने गुणल्यास मात्र ते ३०२७ होते आणि गाडीला तीन लिटरहून मोठ्या इंजिनांच्या गटात उतरावे लागते. इंजिनावर पैसा आणि श्रम खर्च केल्यानंतर हे ध्यानात आले, तर ज्या गटात जिंकण्याची आशा होती तो गट हातचा निघून गेलेला असतो. काही मालिकांत तर मूळ निर्मात्याखेरीज अन्य इंजिनाला मज्जावच असतो. त्यामुळे स्पर्धेचे नियमपुस्तक वाचणे हे या कामातील पहिले पाऊल ठरते.

इतिहासाचे दाखले

जुलै १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे रेनॉ कंपनीने फॉर्म्युला वन शर्यतीत टर्बो इंजिनाची पहिली गाडी उतरविली. ती शर्यत पूर्ण करू शकली नाही. वारंवार धूर सोडत बंद पडणाऱ्या या गाडीला 'पिवळी चहाची किटली' असे नाव पडले. एका मोठ्या कारखान्याची साधनसामग्री पाठीशी असूनही पहिला विजय मिळण्यास जुलै १९७९ उजाडावा लागला. ज्याँ-पिएर जाबुई यांनी तो फ्रान्समधील दिजाँ येथे मिळविला.

दुसरा दाखला अधिक गंभीर आहे. रॅली स्पर्धांच्या 'ग्रुप बी' या गटातील गाड्या हलक्या आणि टर्बोमुळे प्रचंड शक्तिमान होत्या. लान्सिया डेल्टा एस-४ या गाडीचे इंजिन १७५९ घन सेंटिमीटरचे होते. १.४ या गुणकाने ते अडीच लिटरच्या आत राहावे, असाच हा आकडा निवडलेला होता. २ मे १९८६ रोजी कोर्सिका बेटावरील रॅलीत ही गाडी रस्त्याबाहेर जाऊन पेटली आणि फिनलंडचे चालक हेन्री टॉइव्होनेन व त्यांचे सहचालक सर्जिओ क्रेस्तो यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी पोर्तुगालमधील रॅलीत प्रेक्षकांचेही बळी गेले होते. १९८६ च्या हंगामानंतर या गाड्यांना जागतिक स्पर्धेतून बाद करण्यात आले. वजन आणि शक्ती यांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की चालकाला चूक सुधारण्यास अवधीच उरत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

खुद्द लोटसने एलीसच्या बाबतीत कोणता मार्ग निवडला, हेही उद्बोधक आहे. कंपनीने २००४ मध्ये टोयोटाचे सुमारे १९० अश्वशक्तीचे इंजिन स्वीकारले. ते टर्बोविना होते. पुढे अधिक शक्ती हवी झाली तेव्हा २००६ च्या एक्सिज एस आणि २००८ च्या एलीस एससी या गाड्यांना टर्बोचार्जरऐवजी सुपरचार्जर बसविण्यात आला. सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर चालत असल्याने काही शक्ती स्वतःच खातो, परंतु ॲक्सिलरेटरला तत्काळ प्रतिसाद देतो. एलीस एससीमध्ये तर वजन वाचविण्यासाठी इंटरकूलरही वगळण्यात आला. एलीसचे उत्पादन २०२१ मध्ये थांबले.

भारतातील स्थिती

भारतात असा प्रयोग करू इच्छिणाऱ्यांनी दोन बाबी ध्यानात घ्याव्यात. पहिली कायद्याची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने निश्चित केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही भूमिका स्पष्ट केली आहे. त्यामुळे असे वाहन केवळ बंदिस्त शर्यतपट्टीसाठी असू शकते आणि तेथेही आयोजकांच्या तांत्रिक तपासणीतून त्याला उत्तीर्ण व्हावे लागते.

दुसरी बाब हवामानाची. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील शर्यतपट्टीवर पारा ३७ अंशांवर असेल, तर वरील गणितातील १२० अंशांची हवा सुमारे १३४ अंशांवर जाते. थंड हवेच्या ब्रिटनमध्ये सुरक्षित ठरलेला हवेचा दाब आणि ठिणगीची वेळ येथे तशीच ठेवल्यास नॉकिंगला निमंत्रण मिळते.

पैसा कोठे खर्च करावा?

या साऱ्याचा अर्थ इंजिन बदलूच नये असा नाही. दणकट ठोकळा, सहज मिळणारे सुटे भाग आणि कमी फेऱ्यांवर मिळणारा भरपूर टॉर्क हे टर्बो इंजिनाचे लाभ खरे आहेत. मात्र खर्चाचा क्रम उलटा असावा. प्रथम चालकाची सुरक्षा, म्हणजे संरक्षक पिंजरा, पट्टे आणि अग्निशामक यंत्रणा. मग ब्रेक आणि टायर. त्यानंतर शीतकरण आणि तेल. शक्तीचा क्रमांक सर्वात शेवटी. गाडी तयार झाल्यावरही प्रारंभीच्या फेऱ्या कमी दाबावर मारून तेल, पाणी आणि आत जाणारी हवा यांच्या तापमानाची नोंद ठेवावी. ही तापमाने दहा-पंधरा फेऱ्यांनंतर स्थिरावली तरच दाब थोडा वाढवावा. ती चढतच राहिली तर इंजिनाला हात लावण्याआधी रेडिएटर, इंटरकूलर आणि हवेच्या वाटा तपासाव्यात.